ॲप्रनात भरलेली ओटी

माझी ओटी भरली ती अंबरनाथच्या एमआयडीसीत, पॅकिंग खात्यात, जेवणाच्या सुट्टीत.

"ॲप्रन धर पुढे," मॅनेजर म्हणाला.

मी धरला नाही. मग मागून दोघांनी माझ्या ॲप्रनची टोकं उचलली आणि पदरासारखी झोळी केली. कारखान्यातल्या देव्हाऱ्यापुढचा नारळ कुणीतरी आणला होता. तो झोळीत पडला. खण म्हणून हिरव्या प्लास्टिकचा तुकडा पडला. तांदूळ नव्हते, म्हणून एकाने डब्यातला भात मूठभर टाकला. आमटी कालवलेला. हळदकुंकू मात्र खरं होतं, मशीनच्या पूजेचं. ते माझ्या कपाळाला फासलं.

"नाव घ्या वहिनी, नाव घ्या!"

"लाजली रे बाळंतीण!"

सगळं खातं हसलं. मॅनेजर खुर्चीत मागे रेलून हसला. भाताची आमटी ॲप्रनातून झिरपून माझ्या पँटवर उतरत होती.

त्या सकाळी मी रजा मागितली होती. एवढाच माझा गुन्हा.

आम्ही औषधाच्या बाटल्यांची झाकणं बनवायचो. मी ती तपासायचो. आटे नीट बसले नाहीत की झाकण बाजूला. अकरा वर्षं हेच काम. हजेरीला कधी लाल शेरा नाही. हे सांगतो ते फुशारकी म्हणून नाही. मी कामचुकार होतो असं नंतर म्हटलं गेलं, म्हणून सांगतो.

माझी बायको वैशाली उल्हासनगरात जीन्स शिवायची. नगावर मजुरी. पोट दिसायला लागलं तसा शेठ म्हणाला, "बेटा, अब घर बैठ. बाद में देखेंगे." तिची बाळंतपणाची रजा या एका वाक्यात संपली. कायद्यात बाईला सव्वीस आठवडे आहेत. पण तो पगार मालकाने द्यायचा, म्हणून मालक बाईलाच काढतो. कायदा पुस्तकात शाबूत राहतो.

वैशालीचं माहेर कुळगावचं. आमच्या घरापासून रिक्षाने जवळ. पण आमचं लग्न बुद्धविहारात झालं आणि त्या दिवसापासून ते दार बंद. तिची आई बाजारात समोर आली तरी भाजी उलटसुलट करत मान खाली घालते. माझी आई लग्नाआधीच गेली. म्हणजे बाळंतपणाला माणूस एकच. मी.

मुलगी आठव्या महिन्यात झाली. पोट फाडून काढावी लागली. ओंजळीत मावून वर जागा उरेल एवढी. प्रसूतिगृहात वैशाली पहिल्या मजल्यावर, मुलगी तिसऱ्यावर, काचेच्या पेटीत. लिफ्ट नव्हतीच. सिस्टरने मला शर्ट काढायला लावला, खुर्चीत बसवलं आणि मुलीला माझ्या उघड्या छातीवर ठेवलं. वरून चादर.

"अशी ऊब पेटीतून मिळत नाही," ती म्हणाली. "आई उठेपर्यंत तुम्हीच धरा. जितका वेळ धराल तितकं बाळाचं बरं. आईबाप सोडून दुसऱ्या कुणाला आत सोडत नाही, लक्षात ठेवा."

मुलीचा श्वास अडखळत होता. मध्येच थांबायचा. मी माझा श्वास रोखून वाट बघायचो. थोड्या वेळाने तिचा श्वास माझ्याबरोबर चालू लागला. तेव्हा मला कळलं की उद्या मी इथे नसलो तर काय होईल.

म्हणून सकाळी मॅनेजरकडे गेलो. पंधरा दिवस मागितले. माझ्या हक्काची रजा शिल्लक होती, पण तिच्यावर सही त्याची लागायची.

"बाळंत कोण झालं? तू की बायको?"

मी पेटीचं सांगितलं. छातीवर धरायचं सांगितलं.

"दूध पण तूच पाजणार का? अरे, माहेर कशाला असतं?"

"माहेर नाही तिला."

"का? आकाशातून पडली?" त्याला सगळं ठाऊक होतं. कारखान्यात कुणाचं लग्न कुणाशी झालं हे सगळ्यांना ठाऊक असतं. "लग्न करताना विचार करायचा. मला माझ्या वडिलांनी पहिल्यांदा पाहिलं ते बारशाच्या दिवशी. माझं काही बिघडलं? डिस्पॅच आहे. जा मशीनवर."

मग जेवणाच्या सुट्टीत ओटी.

मी कपाळ पुसलं. गेटपास मागितला, अर्ध्या दिवसाचा. मिळाला नाही. गेटपासशिवाय वॉचमन कुणाला बाहेर सोडत नाही. पाळी सुटेपर्यंत मी झाकणं तपासली. एकही वाकडं सुटू दिलं नाही.

संध्याकाळी प्रसूतिगृहात पोचलो तर वैशालीची खाट रिकामी. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "दादा, तिला आत नेलंय. टाके उसवले."

झालं होतं असं. दुपारी मुलीचा श्वास पुन्हा थांबला होता. सिस्टरने निरोप पाठवला, बाळाला धरायला कुणीतरी या. कुणीतरी म्हणजे कोण? वैशाली उठली. पोटावर ताजे टाके. कठडा धरून दोन जिने चढली. मुलीला छातीशी धरून बसली, टाक्यांतून रक्त येईपर्यंत.

डॉक्टर बाहेर आले. दमलेले होते. "हिला उठू कुणी दिलं? तुम्ही कुठे होतात?"

"कामावर."

"बरं," ते म्हणाले.

त्या 'बरं'पुढे मॅनेजरचं हसणं मला काहीच वाटलं नाही. मी कुठे होतो? ॲप्रनात भात घेऊन उभा होतो.

रात्री मुलगी छातीवर होती. सकाळ झाल्यावर तिला सिस्टरकडे दिली, कारखान्यात गेलो, लॉकर उघडला. नारळ तिथेच ठेवला होता. हिरवं प्लास्टिकही. दोन्ही नेऊन मॅनेजरच्या टेबलावर ठेवलं.

ओटी परत करत नाहीत. आपल्याकडे चेष्टेतही कुणी करत नाही. मॅनेजरचा चेहरा पहिल्यांदाच उतरला.

"अपशकुन करतोस? तुझ्याच बायकोला बाधेल."

"बाधायचं ते काल बाधलं," मी म्हणालो. "तुमची ओटी तुम्ही ठेवा. मी चाललो."

"गेटपास?"

मी थांबलो नाही. वॉचमनने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि फाटक उघडलं.

पुढचे तीन आठवडे मी त्या खुर्चीत बसलो. मुलगी जगली. वैशालीला पुन्हा टाके पडले, आत पू झाला, ताप उतरेना. ती घरी आली ती दुसरीच बाई होऊन आली. आजही फार वेळ बसली की पोटात कळ येते. शिलाई मशीन खाटेखाली आहे. पुसून ठेवते, चालवत नाही.

कारखान्याने माफीपत्र मागितलं. 'न सांगता गैरहजर राहिलो आणि वरिष्ठांचा अवमान केला.' मी दिलं नाही. नोकरी गेली. वाईट त्याचंही वाटलं नाही. वाईट वाटलं ते युनियनच्या माणसाचं. तो बायकोला घेऊन घरी आला, चहा प्यायला आणि म्हणाला, "भाऊ, आमच्या पोरांच्या वेळी कुठे होती रजा? आम्ही वाढवलीच ना?" त्याने वाढवली नव्हती. त्याच्या बायकोने वाढवली होती. तीसुद्धा शेजारीच बसली होती. तिने नवऱ्याच्या बोलण्याला होकाराची मान हलवली.

मी हिशेबी माणूस आहे, म्हणून हिशेब मांडतो. केंद्र सरकारच्या नोकरीतल्या बापाला पंधरा दिवसांची रजा आहे. खासगी कारखान्यातल्या बापाला कायद्याने एक दिवसही नाही. बाईला रजा आहे, म्हणून बाई महाग पडते, म्हणून तिला काढतात. तीच रजा आईबापांत वाटून द्या, पगाराचा भार एकट्या मालकावर टाकू नका. मग काढायचं कुणाला? बायका काढल्या तर पुरुषही काढावे लागतील. कारखाना मग कोण चालवणार? इतकं साधं गणित आहे. चौथीतलं पोरही सोडवेल. निवडणुकीला मतं मागायला येणाऱ्यांना मी ते सांगितलं आहे. त्यांनी माझा हात हातात घेतला, "नक्की बघतो" म्हणाले आणि पुढच्या दाराशी गेले.

आता मी बदलापूरच्या एमआयडीसीत आहे, ठेकेदाराकडे. माझं अक्षर चांगलं आहे म्हणून गेटजवळच्या फळ्यावर रोजचा सुविचार मी लिहितो. 'वेळ हेच धन.' 'आधी सुरक्षा, मग काम.' असलं काहीतरी.

गेल्या आठवड्यात मालकाच्या मुलाला मुलगा झाला. सुपरवायझर पेढे घेऊन खात्यात आला.

"छोटे शेठ महिनाभर येणार नाहीत. बाळाला स्वतः सांभाळणार म्हणे. नव्या जमान्याचा बाप! फळ्यावर अभिनंदन लिही, मोठ्या अक्षरात."

सगळ्यांनी मान डोलवली. कौतुकाने. कुणी ॲप्रन धरला नाही, कुणी नारळ आणला नाही. छोट्या शेठचं मला वाईट वाटलं नाही. त्याने बाळ धरावं. प्रत्येक बापाने धरावं. मी पेढा तेवढा घेतला नाही.

फळ्यावर अभिनंदन लिहिलं. त्याखाली एक ओळ लिहिली: 'कामगाराच्या बाळालाही बाप असतो. त्याला रजा कधी?'

दुपारपर्यंत ती ओळ पुसलेली होती. अभिनंदन तसंच. दुसऱ्या दिवशी मी सुविचाराच्या जागी तीच ओळ लिहिली. पुसली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. सुपरवायझरने बोलावून सांगितलं, "काका, वय झालंय तुमचं. ठेकेदाराला एक फोन केला की उद्या दुसरा माणूस उभा राहील."

खरं आहे. उभा राहील. या ओळीने कायदा होणार नाही, हेही मला माहीत आहे. झाला तरी मला काय मिळणार? मुलगी दुसरीत आहे. तिला आता छातीवर धरायची गरज नाही. वैशालीचं पोट पूर्वीसारखं होणार नाही.

काल घरी सांगितलं.

"परत नोकरी घालवशील," वैशाली म्हणाली.

"हो."

ती पोटावर हात दाबून भिंतीला टेकून बसली होती.

"मग पुसट नको लिहूस," ती म्हणाली. "लांबून वाचता आलं पाहिजे."

आज सकाळी गेलो तर फळ्याखालचा खडूचा डबा उचलून नेलेला होता. माझ्या खिशात खडू होता. मी ओळ लिहिली. फळाभर.