बोरन्हाणासाठी कापलेली बोर

बदलापूरच्या आमच्या घरामागची बोर सासूबाईंची. बोरं सुपारीएवढी आणि दात आंबतील अशी. पण नातवाच्या पहिल्या संक्रांतीला बोरन्हाणात त्याच्या डोक्यावरून याच झाडाची बोरं ओतायची, हे त्यांनी माझ्या डोहाळेजेवणातच जाहीर केलं होतं.

बाळ झालं आणि चैत्रात त्या आठ दिवस लेकीकडे पालेगावला गेल्या. तेवढ्यात आमचे हे निर्वासितांच्या कॅम्प तीनमधल्या बाजारातून झबल्यांचं कापड घेऊन आले, आणि दुकानदाराची अक्कलही. दुकानदार सिंधी निर्वासित. तिकडे सिंधमध्ये त्याची बोरांची बाग होती म्हणे. तो यांना म्हणाला, "साईं, गरमी में सब काट डालो. फल नई डाली पर आता है. दो गज तना रखो, बस." कापडवालाच तो, झाडही गजात मोजणार.

यांनी करवत चालवली, शिडी मी धरली. काट्यांनी दोघांचे हात सोलून निघाले. शेवटची फांदी पडली तेव्हा परसात नुसता खांब उरला होता.

सासूबाई परतल्या. "मेल्या, जितं झाड बोडकं केलंस रं! आता नातवाच्या डोक्यावर काय वोतू, तुझं कपाळ?"

मी त्यांच्या बाजूला उभी राहून चुकचुकले. हे माझ्याकडे बघतच राहिले.

पावसाळ्यात खांबाला फुटवेच फुटवे आले. यांनी चार दणकट ठेवून बाकीचे गुपचूप खुडले. बाजारातून बोरं आणू का, असं मी एकदा विचारलं, तर सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पण संक्रांतीला फांद्या वाकल्या, आणि बोरं केवढी, लहान लिंबाएवढी!

सासूबाईंनी आळीतली पोरं जमवली, बाळाला पाटावर बसवलं आणि चुरमुरे, हलवा, बोरं असं भरलेलं सूप मोठ्या ऐटीत त्याच्या डोक्यावर रिकामं केलं. बाळानं असा टाहो फोडला की वेचायला वाकलेली पोरं जागीच थांबली. कपाळावर हे एवढं टेंगूळ. हे हळूच दाराकडे सरकले.

सासूबाईंनी नातवाला उचललं, टेंगळावर फुंकर घातली आणि पायाशी पडलेलं एक बोर तोंडात टाकलं. मग दुसरं. तिसऱ्याला लेकाला हाक मारली.

"पुढल्या चैत्रात परत काप. पोराला चुरमुऱ्यांनी न्हाऊ घालू. बोरं खायला ठेव."