हलक्या चाकांची मोटार

माझ्या थोरल्या बहिणीला पाहायला आलेल्या त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही, करणारही नाही.

महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. दुसरबीडकडच्या आमच्या गावात मोटार येणं हेच नवल, आणि याच्या मोटारीला तर मुंबईहून आणलेली ॲल्युमिनियमची चाकं. पोहे खाताना तो ताईबद्दल चकार शब्द बोलला नाही, चाकांचंच कौतुक. लोखंडापेक्षा कितीतरी हलकी, म्हणून गाडी चढावर पळते, वळणावर नुसतं बोट लावलं की वळते. खोटं नव्हतं. आमच्या गल्लीत जिथे बैलगाडी अडते, तिथून त्याने मोटार एका झटक्यात फिरवली. मी तोंड वासून पाहत राहिले, याचाही मला राग आहे.

निघताना, ताईला ऐकू जाईल असं, तो आपल्या मामाला म्हणाला, "पोरगी वजनदार हाय. गाडीले अन् बायकोले वजन नसावं." सगळे हसले. ताईने बशा उचलल्या. त्यानंतर कित्येक दिवस ती अर्धीच भाकर खात होती, आणि मी देवापुढे रोज त्याचं वाटोळं मागत होते.

उन्हाळ्यात त्याचं लग्न ठरलं, आमच्यापासून दोन-तीन कोसांवर. मुलीकडच्यांनी लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच्या पंगतीसाठी वांगी नेमकी आमच्याच मळ्यातून मागवली. आई नको म्हणत होती.

"वांग्यानं काय केलं आपलं?" ताई म्हणाली. बाबा आजारी पडल्यापासून गाडी तीच हाकायची. लग्नाच्या दिवशी दुपारी टोपल्या भरल्या, तिने बैल जुंपले आणि मीही चढले.

अर्ध्या वाटेवर तो दिसला. डोक्याला बाशिंग आणि शेजारी एका अंगावर कललेली मोटार. खड्ड्यात आपटून पुढचं चाक तडकलं होतं. लोखंडी असतं तर वाकलं असतं, ठोकून सरळ करता आलं असतं. जादाचं चाक त्याने घरीच ठेवलं होतं. उगाच वजन कशाला! वऱ्हाडाचा ट्रक केव्हाच पुढे गेला होता आणि गोरज मुहूर्त जवळ येत होता. त्याने ताईला ओळखलं आणि मान खाली घातली.

"राहू दे त्याले उन्हात," मी ताईच्या कानात म्हटलं. "हाक गाडी."

ताईने कासरा ओढून गाडी थांबवली. "बसा, पाहुणे."

मला तिचा भयंकर राग आला. सोबतच्या मित्राला मोटारीपाशी ठेवून तो वांग्यांच्या टोपल्यांवर बसला. पण थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, बैल चालत नव्हते, रेंगाळत होते.

"बाई, जरा जोरात घ्या ना," तो गयावया करू लागला.

"जड चाकं हायेत, पाहुणे," ताई शांतपणे म्हणाली. "हळूच जातीन."

मुहूर्त टळल्यावर आम्ही मांडवाशी पोचलो. तो टोपल्यांवरून उतरला, तेव्हा त्याच्या कोटाला वांग्यांचे काटे लागले होते. वाजंत्रीवाले वाजवायचं सोडून बघत राहिले.

"नवरदेव, मोटार कुठी हाय?" कुणीतरी ओरडलं.

"तिले वजन नव्हतं ना," ताई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "उडून गेली."

अख्खा मांडव हसला. मला वाईट वाटलं ते त्या नवरीचं. त्याचं मुळीच नाही, आजही नाही.

टोपल्या उतरवून आम्ही परत फिरलो, तर ताईने बैल असे दामटले की मी गाडीला घट्ट धरून बसले.

"ताई, मंग मघाशी काऊन नाही पळवले?"

"तवा वजन होतं," ती म्हणाली. "आता उतरलं."