करडईच्या महिन्यातली मी

रविवारी लेकीला घेऊन सास्तूरला मावशीकडं गेले होते. अंगणात आम्ही भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो आणि लेक मोबाईलवर जन्ममहिन्यांची फुलं बघत होती... कुठल्या महिन्याचं कुठलं फूल, त्याचा अर्थ काय, वगैरे.

"मम्मी, तू जूनची. म्हणजे गुलाब. अर्थ, प्रेम!"

मला हसूच आलं. आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये आम्ही पाच जण एक जूनचे आहोत... शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट तीच तारीख टाकलेली. म्हणजे पाचही जण गुलाब! त्यात आमचे गणिताचे सर गुलाब, हे पचायला जरा जडच जातं.

मावशीनं मात्र शेंगांचं सूप बाजूला सारलं. "जून कुठला गं? गुरुजीनं लिवलं त्ये. तू झालीस तवा करडई फुलात व्हती. संक्रांत तोंडावर आलती."

लेकीनं लगेच जानेवारी शोधला. बर्फातून वर येणारं कुठलंसं पांढरं फूल निघालं. आमच्याकडं बर्फ दिसतो तो रसाच्या गाड्यावर... आणि करडई काही त्या यादीत नव्हती.

आईला जाऊन सहा वर्षं झाली. तिला हे साधं विचारायचं कधी सुचलंच नाही. म्हणून मावशीच्या मागं लागले, नक्की दिवस कोणता, आठवतंय का काही? निदान एक तारीख तरी हाती लागावी, असं फार वाटत होतं.

"तारीख कुणाला ठावं? तुझी आई फुलावरच धरायची. दर साली करडईचं पैलं फूल आणून तुझ्या केसात खवायची. इसरलीस व्हय?"

विसरले नव्हते... पण ते कशासाठी, हे मला माहीतच नव्हतं. आई शेतातून ते पिवळं-केशरी फूल आणायची, खालचे काटे नखानं खुडायची आणि माझ्या वेणीत खोचायची. तरी ते टोचायचंच, वर पोरी हसायच्या. शाळेच्या वळणावर पोचले की मी ते काढून टाकायचे.

माझा वाढदिवस घरात कधी झालाच नाही, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. तो दरवर्षी झाला होता... आणि दरवर्षी मी तो रस्त्यावर टाकून शाळेत गेले.

आई, एकदा परत खोच ना गं. कितीही टोचलं तरी दिवसभर काढणार नाही...