कपिलधार लोड होतंय

विहिरीवरची जळलेली मोटार दुकानात आली की मी आधी तिला हात लावते, मग गिऱ्हाईकाचं ऐकते. गिऱ्हाईक काहीही सांगतं, मोटार खोटं बोलत नाही. हे मला आमच्या ह्यांनीच शिकवलं. पाटोद्यातलं हे मोटार रिवायंडिंगचं दुकान त्यांचंच. दोन वर्षांपूर्वी एका विहिरीत मोटार उतरवताना ते स्वतःच खाली गेले, मणक्याला मार बसला, पाय गेले. तेव्हापासून दुकान मी बघते आणि ते मागच्या खोलीत, चाकाच्या खुर्चीत, कॉम्प्युटरसमोर.

त्या कॉम्प्युटरचा मला राग यायचा, खोटं कशाला बोलू? इथं मी तांब्याच्या तारांनी बोटं सोलून घ्यायची आणि तिकडं हा माणूस सकाळपासून गेम खेळायचा! त्या गेममध्ये मारामारी नव्हती म्हणे. रिकामी जमीन मिळते, दगड, माती, पाणी मिळतं, आपल्याला हवं ते बांधायचं आणि जगभरातली माणसं इंटरनेटवरून तिथं येऊन फिरून जातात. "काय बांधताय एवढं, ताजमहाल?" मी विचारायची. "झालं की दावतो," एवढंच उत्तर. मीही कधी वाकून बघितलं नाही. एकदा फुरंगटले की फुरंगटले, माझा स्वभावच तसा.

एका रविवारी दुपारी आतून हाक आली. "अगं, जरा हिकडं ये की."

आवाज रडवेला होता. डॉक्टरांनी पायांचं सांगितलं तेव्हाही हा माणूस रडला नव्हता. हातातली कॉइल तशीच टाकून मी पायातल्या चपलांसकट आत पळाले.

झालं होतं असं. गेमवाली कंपनी जुनं जग बंद करून नवं उघडणार होती. पाचच्या आत ज्यानं आपली जागा उघडून एक बटण दाबलं, त्याचं बांधकाम नव्या जगात जाणार. बाकीच्यांचं पुसलं जाणार, कायमचं. आणि ह्यांचा गेम सकाळपासून उघडतच नव्हता. सुरू व्हायचा, खालची पट्टी अर्ध्यापर्यंत भरायची आणि सगळं धाडकन बंद. घड्याळात तीन वाजले होते.

"दोन वर्षं पाण्यात गेली बघ माझी," ते म्हणाले.

"आतापर्यंत काय काय केलं ते सांगा."

"गेम काढून परत टाकला. ड्रायव्हर नवे टाकले. फायली तपासल्या. नेटची डबी बंद करून चालू केली. लई केलं."

"आन् मशीनला हात लावला का?"

"त्याला हात कावून लावू?"

"आवो, आग सोमेश्वरी आन् बंब रामेश्वरी! चालू होतं, जरा वेळ चालतं, मग बंद पडतं. ह्याला आपल्यात मोटार तापली म्हणतात. तुमीच शिकवलंय मला."

मी हात लावला तर कॉम्प्युटरचा डबा तव्यासारखा तापलेला. वर माझ्याच हातानं विणलेलं क्रोशाचं कव्हर, धूळ बसू नये म्हणून घातलेलं. ते ओढून काढलं, चार स्क्रू सोडवले आणि आत बघून डोक्याला हात लावला.

पंख्यात झेंडू होता. वाळून चुरा झालेल्या पाकळ्या, त्यात अडकलेल्या अक्षता, आणि विभूती धुळीत मिसळून तिचा थर बसलेला. पंखा फिरणार कसा? दसऱ्याला आमच्यात सगळ्या हत्यारांची पूजा असते. पक्कड, मीटर, वायंडिंगचं मशीन, सगळ्यांना विभूती लावायची, फुलं वाहायची. गेल्या दसऱ्याला मी ह्या डब्यालाही तीन पट्टे ओढले होते आणि वरच्या जाळीवर मूठ-मूठ फुलं वाहिली होती. राग होता तरी पूजेला कुणाला वगळायचं नसतं. म्हणजे ह्या सगळ्याची करणी माझीच.

"तुमाला दिसलं न्हाई का हे? निदान वरची फुलं तरी काढायची!"

"दिसलं होतं की," ते खाली बघत म्हणाले. "पर तू पहिल्यांदाच त्याला मायेनं हात लावलावता. कसं काढू?"

मला एकदम भडभडून आलं. मी डबा उचलला आणि अंगणात नेला. वायंडिंगमधली धूळ उडवायचा ब्लोअर लांबून, हळूहळू मारला. पंख्याची पाती एकेक करून ब्रशनं पुसली. परत जोडेपर्यंत चार वाजून गेले होते.

मशीन सुरू झालं. ह्या खेपेला बंद पडलं नाही, पण पट्टी शेवटाला जाऊन अडकली. पडदा गोठला. परत केलं, परत तिथंच.

"पाणी आलं की अडकतंय," ते म्हणाले. "पाण्याचा भार लई हाय. थेंब न् थेंब दिसावा असं करून ठेवलंय मी."

"मग एकदम कशाला सोडता? मोठा पंप चालू करताना आपण आधी व्हॉल्व बंद ठेवतो न्हाई का? मोटारीनं गती घेतली की मग हळूहळू खोलायचा. तुमच्या गेमला व्हॉल्व न्हाई का?"

ते हसले, किती दिवसांनी! सेटिंगमध्ये जाऊन त्यांनी पाणी, सावल्या, लांबचं दृश्य, सगळं अगदी खाली आणलं. पट्टी सरकली. अडकली. पुन्हा सरकली आणि भरली. पडद्यावर नुसते राखाडी दगड दिसत होते, ओबडधोबड. त्यांनी बटण दाबलं. आता दुसरी पट्टी सुरू झाली, आणि ती अशी रांगत होती की मी तिच्याकडं बघायचंच सोडलं. पाचला सात मिनिटं असताना ते म्हणाले, "गेलं. पोचलं तिकडं." मी खाटेवर मटकन बसले.

"आता खोलतो व्हॉल्व," ते म्हणाले.

आधी झाडं आली. मग कड्यावरचं शेवाळ. मग उतरत जाणाऱ्या पायऱ्या, त्यावर बसलेली माकडं, कठड्यावर वाळत घातलेलं एक ओलं धोतर. आणि मग पाणी. अगं बाई! वरून सुटलं ते कोसळतच राहिलं, खाली फुटून त्याचा धूर झाला, आणि त्या आवाजानं खोली भरून गेली.

कपिलधार होतं ते, आमच्या देवस्थानाचा धबधबा.

लग्न झाल्यापासून दरवर्षी आम्ही गाडीवर जायचो तिथं, विहिरीचं होईपर्यंत. फोटो नाही, माप नाही, ह्या माणसानं नुसत्या आठवणीवर दगडाला दगड लावला होता. मधली एक पायरी तिरकी आहे, तिथं मी दरवेळी घसरायची आणि ते हात द्यायचे. तीही होती, तितकीच तिरकी. दोन वर्षं मी ह्यांना रिकामटेकडं म्हणत होते!

खाली धारेजवळ परक्या मुलखातली माणसं जमली होती. कुणी शिंगांचं, कुणी सशाच्या तोंडाचं, कुणी चिलखतातलं. सगळी गुपचूप उभी राहून पाणी बघत होती. आणि वर, पहिल्या पायरीपाशी, ह्यांनी लावलेल्या पाटीखाली त्यांचे लोखंडी बूट, मोजड्या, पंखांची पायताणं ओळीनं काढून ठेवलेली.

"सगळे काढतात?" मी विचारलं.

"सगळे. पाटीवर ल्हिलंय ना. कुणी कटकट करत न्हाई."

मग त्यांनी माऊस माझ्या हातात दिला. "आता तू घेऊन चल मला."

पडद्यावर पांढऱ्या सदऱ्यातला एक माणूस उभा होता, दोन्ही पायांवर. कुठली कळ दाबायची ते सांगत गेले, मी चालवत गेले. दोनदा कड्यावर आपटवलं, एकदा माकडावर पाय दिला. चार पायऱ्या उतरल्यावर माझं लक्ष त्या माणसाच्या पायांकडं गेलं.

"आवो, चपला!"

"अरेच्चा," ते म्हणाले. "फीर मागं."

मी त्यांना परत वर नेलं आणि पाटीखाली त्यांच्या चपला काढल्या. मग मला माझ्या आठवल्या, दुकानातून पळत आले तेव्हापासून पायातच होत्या. त्या मी तिथंच टेबलाखाली काढून ठेवल्या आणि अनवाणी पायांनी त्यांच्या खुर्चीजवळ सरकले.

तिरक्या पायरीपाशी आल्यावर त्यांनी माझा हात धरला.