मोठी माय आणि घरात भरलेला कापूस

मोठी माय कोणाच्याही घरी गेली की पाणी प्यायच्या आधी तिथल्या पोरांच्या पापण्या खाली ओढून पाहायची. आत पांढरं दिसलं की त्या पोराच्या आईची काही खैर नसे. ही माझ्या वडिलांची थोरली वहिनी. बोरी अरबातली आमची अख्खी आळी तिच्या तोंडाला वचकून असे. मी मात्र तिच्या मागेमागेच फिरायची.

त्या वर्षांत कापसाला भावच येईना. भाव चढेल या आशेवर लोक कापूस घरातच भरून ठेवत. आमच्या एकुलत्या एका खोलीत आढ्यापर्यंत कापूस होता आणि आम्ही त्यावरच झोपायचो. अंगाला खाज सुटायची, तिचं कोणाला काही वाटत नसे. पण माझ्या धाकट्या भावाला, सुनीलला, धाप लागू लागली. दारव्ह्याच्या डॉक्टरांनी त्याला कापसापासून दूर ठेवायला बजावलं. ठेवणार कुठे? मोठ्या मायचं घरही कापसानंच भरलेलं. दुकानदाराच्या बबनलाही असाच दमा होता. त्याला नागपूरला नेलं, वर दूध-अंडी सुरू झाली.

कापूस बाहेर काढायला बाबा तयार होईनात. वर्षाची कमाई उघड्यावर टाकायची आणि आभाळ आलं तर?

मोठी माय म्हणाली, "कापूस भिजला तं वाळते, रामदास. पोरगं गेलं तं कोठून वेचून आणशीन?"

बाबा भाव विचारायला गेले होते त्या दिवशी सुनीलचे ओठ निळे पडले. मोठ्या मायनं लुगडं खोचलं आणि आईला नि मला हाताशी घेऊन सगळा कापूस अंगणात ओढला, खोली धुऊन काढली. दुपारी सुनील शांत झोपला.

संध्याकाळी अवकाळी पाऊस कोसळला. ताडपत्री मिळेपर्यंत कापूस चिंब झाला. पुढे तो पिवळा पडून मातीमोल गेला आणि मागोमाग आमची दुभती म्हैसही विकावी लागली. बाबांनी मोठ्या मायशी बोलणं टाकलं. ती तरी आपल्या गाईचं तांब्याभर दूध सुनीलसाठी घेऊन यायची आणि बाबा पाठ फिरवून बसायचे. मला त्यांचा फार राग यायचा.

पुढे तिची गाय आटली. वाढीच्या वयात सुनीलच्या ताटात भाकरी आणि ठेचा, एवढंच. बबन ताडमाड वाढला. सुनील जगला, पण त्याच्या खांद्याशीच राहिला.

मोठी माय गेली तेव्हा खांदा द्यायला सुनील पुढे झाला. तिरडी त्याच्या बाजूला कलू लागली. कोणीतरी म्हणालं, तू सरक, उंच माणूस येऊ दे. सुनील हलेना. तेव्हा इतकी वर्षं तिचं नावही न काढलेले बाबा बोलले,

"राहू द्या त्याले तिथंच. तुम्ही बाकीचे वाका."