शेवटची धून संपेपर्यंत

दर्यापूरहून अमरावतीला जाणाऱ्या त्या जीपच्या ड्रायव्हरला पुन्हा कधी पाहिलं नाही. त्या दिवशी मी घासाघीस करून त्याच्या शेजारची सीट मिळवली होती. अमरावतीत मी उभं केलेल्या कापडाच्या दुकानाची रस्त्याकडची बाजू धाकट्या भावाने मला न विचारता भाड्याने दिली होती. "येतोच, आज संबंध संपला समज," असं फोनवर त्याला सुनावलं, ते ड्रायव्हरने ऐकलं.

त्याने एका परदेशी ग्रुपचा इलेक्ट्रॉनिक अल्बम लावला. नुसती यंत्रांची धकधक. त्याची बोटं स्टिअरिंगवर ठेका धरत होती.

"बोल असलेलं काई लाव ना," मी खेकसलो.

"बोलाची गाणी लावली का हे लाव, ते लाव, सुरू होते भाऊ. याच्यात भांडायले जागाच नाही."

अमरावतीला जीप थांबली. माझ्या बाजूचं दार बाहेरूनच उघडायचं, आणि हा जागचा हलेना.

"शेवटची धून हाय. मले अर्धी तोडता येत नाही. भांडण काई पळून नाही चाललं तुमचं."

मी चडफडत काचेतून पाहिलं. भाऊ उन्हात उसाच्या रसाचे दोन ग्लास धरून उभा होता. माझा ग्लास त्याने रुमालाने झाकला होता. स्वतःचाही प्यायला नव्हता.

धून संपल्यावर ड्रायव्हरने दार उघडलं. मी फक्त अल्बमचं नाव विचारलं.

भांडलो, पण रस पिऊन भांडलो. ती बाजू अजून भाडेकरूकडेच आहे, रागही आहे. पण भाऊ माझा राहिला, तो त्या माणसामुळे.