उलटी बादली

माझ्या शिडाच्या होडीची गोष्ट मी राळेगावच्या एसटी स्टँडवर हातवाऱ्यांसह सांगतो. लोक पोट धरून हसतात. शेवट मात्र तिथे सांगत नाही.

बाबांचं गाव माझ्या जन्माआधीच धरणात बुडालं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचा कळस तेवढा वर येतो. बाबांची नजर जात चालली होती. डॉक्टर म्हणाले, जे दाखवायचं ते पावसाळ्याआधी दाखवा. बाबांना कळस जवळून बघायचा होता. मी थाटात लोखंडी पत्र्याची होडी बनवून घेतली, ताडपत्रीचं शीड लावलं. पंधरा दिवसांत तिच्या बुडाला एवढं शेवाळ धरलं की होडी पोटभर चरलेल्या म्हशीसारखी हलेना.

शेवाळ न धरणारा रंग बंदरावर मिळतो म्हणून तिकडच्या एका दुकानदाराला फोन लावला.

"पाणी खारं की गोडं? होडी कायम पाण्यात राहणार? आणि बूड कशाचं?"

"माह्या बुडाशी तुम्हाले काय करायचं, भाऊ? शेवाळ कायनं मरते ते सांगा."

"तांब्यानं. पण बूड जर..."

मी आनंदाने फोन ठेवला. तांबं! म्हणजे तांब्याचे निळे खडे, मोरचूद! संत्र्याच्या बुंध्याला बुरशी लागू नये म्हणून चुन्यात कालवून लावतो तेच की.

"अहो, झाड वेगळं, होडी वेगळी," बायको म्हणाली.

"तुले काय समजते यातलं?" मी म्हणालो आणि ऑइलपेंटमध्ये मोरचूद घोटून दोन हात मारले. काय मोरपंखी दिसत होती!

तीन आठवडे ती पाण्यात मिरवली. मग बाबांना बसवलं. काठापासून जेमतेम वीस हात गेलो असू.

"काहून बे, पाय ओले होऊन राह्यले?"

रंगाखाली पत्र्याची चाळणी झाली होती. कसेबसे काठावर परतलो तेव्हा बाबांनी होडीच्या बुडावरून बोट फिरवलं, डोळ्यांजवळ नेलं.

"मोरचूद? लोखंडाच्या बादलीत मोरचूद कालवतेत काय, गाढवा? बादली खाऊन टाकते ते!"

हे मला त्यांनीच शिकवलं होतं, मी दहा वर्षांचा असताना. होडी म्हणजे उलटी बादली, आतून नाही तर बाहेरून भिजणारी, एवढंच माझ्या डोक्यात आलं नाही. स्टँडवर मी इथेच थांबतो.

नवा पत्रा ठोकून, धातूला चालणारा रंग मागवेपर्यंत पाऊस लागला. कळस बुडाला. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बाबांना उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं.

तरी नेलं. शीड भरलं, होडी सुरेख चालली. कळस दिसताच मी खणखणीत आवाजात वर्णन सुरू केलं.

"गप राय. तू कधी पाह्यलं ते गाव?"

मी होडी कळसाला भिडवली आणि त्यांचा हात धरून त्यावर टेकवला. त्यांनी चाचपलं आणि हात मागे घेतला.

"हे आपलं देऊळ नोहे. आपलं गुळगुळीत होतं."

कळसावर वाळलेल्या शेवाळाचा जाड थर होता. होडीच्या बुडाला एक तंतूही नव्हता.